राजदूत नेमके करतो काय? भाचीला परराष्ट्र सेवा घ्यायची आहे

नौपाडेकर

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाली असून मुलाखतीपूर्वी तिला सेवांचा पसंतीक्रम भरून द्यायचा आहे. गेले आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषय नाही. तिच्या वडिलांचे म्हणणे असे की भारतीय प्रशासकीय सेवा पहिली लिहावी. जिल्हाधिकारी झाली तर चार माणसांची कामे होतील, दारात दिव्याची गाडी येईल आणि मुलगी निदान देशात तरी राहील. भाचीची पहिली पसंती मात्र परराष्ट्र सेवेला आहे आणि ती मागे हटायला तयार नाही.

मी चौतीस वर्षे एका सहकारी बँकेत काढली. कर्ज मंजूर करणे म्हणजे काय, वसुली म्हणजे काय, हे मला समजते. पण राजदूत सकाळी कार्यालयात येऊन संध्याकाळपर्यंत काय करतो, हे मला खरोखर कळत नाही. आता दोन देशांचे पंतप्रधान थेट फोनवर बोलतात आणि व्हिसाचे अर्ज संगणकावरून भरता येतात. मग दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवून, आईवडिलांपासून लांब राहून, साठाव्या वर्षी हाती काय लागते? ज्यांनी ही नोकरी जवळून पाहिली आहे त्यांनी लिहावे. माहिती ऐकीव असली तरी चालेल, फक्त ती ऐकीव आहे असे स्पष्ट सांगावे.

खाडीपलीकडचा

काका, लाल दिव्याच्या गाड्या १ मे २०१७ पासून बंद झाल्या, एवढे आपल्या मेहुण्यांना सांगितलेत तर निम्मा वाद जागीच मिटेल. राजदूताच्या गाडीवर मात्र अजूनही ध्वज असतो. तो फक्त राजदूत आत बसलेले असतानाच लावतात, रिकामी गाडी बाजारात गेली तर त्यावर आच्छादन असते. (ऐकीव.)

तीन_खंड

वरील माहिती ऐकीव असली तरी बरोबर आहे. ते आच्छादन चढवणे-उतरवणे हे चालकाचे काम, आणि एकदा आमचा चालक ते काढायला विसरला तेव्हा राजदूतांनी फाटकापाशीच गाडी थांबवली होती.

मी परराष्ट्र सेवेच्या ‘ब’ शाखेत स्टेनोग्राफर म्हणून लागलो आणि तीन खंडांतील पाच दूतावासांत काम करून निवृत्त झालो. आता ऐरोलीत असतो. मी स्वतः राजदूत नव्हतो, परंतु पाच राजदूतांची पत्रे माझ्या हातून टंकलिखित झाली आहेत, त्यामुळे पुढचे ऐकीव नाही.

आधी चढण कशी असते ते सांगतो. निवड झाल्यावर मसुरीला इतर सेवांबरोबर पायाभूत प्रशिक्षण होते, मग दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत शिक्षण, आणि त्यानंतर एक परकीय भाषा सक्तीने शिकावी लागते. त्या भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. पहिले पद तृतीय सचिवाचे. तेथून द्वितीय, प्रथम, मग काउन्सेलर, मग मिनिस्टर. (हा मिनिस्टर म्हणजे मंत्री नव्हे, हे गावी समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली आहे.) मध्ये मध्ये दिल्लीत अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव अशा खुर्च्या येतात. साधारण अठरा-वीस वर्षे झाली की एखाद्या लहान देशात पहिल्यांदा राजदूत म्हणून नेमणूक होते. राष्ट्रकुलातील देशात त्याच अधिकाऱ्याला उच्चायुक्त म्हणतात, काम तेच. संपूर्ण देशासाठी हे अधिकारी एक हजाराच्या आसपास आहेत; जगभरातील आपली कार्यालये दोनशेच्या घरात.

आता दिवसाबद्दल. न्यूयॉर्क-लंडन डोळ्यांसमोर आणू नका. माझा तिसरा दूतावास म्हणजे भारतातून आलेले चार अधिकारी, आम्ही पाच-सहा कर्मचारी आणि बाकी सगळे स्थानिक. सकाळी स्थानिक वृत्तपत्रांचा गोषवारा वाचायचा. दुपारी आपल्या एखाद्या औषध कंपनीचा माल जकातीत अडकला असेल तर तिथल्या व्यापार खात्यात जाऊन बसायचे. संध्याकाळी कोणत्या तरी देशाच्या राष्ट्रीय दिनाला हजर राहायचे, कारण जो मंत्री पंधरा दिवस भेटीची वेळ देत नाही, तो तिथे हातात सरबताचा पेला घेऊन एकटा उभा असतो. रात्री परत येऊन, तो काय म्हणाला आणि काय म्हणायचे त्याने टाळले, हे दिल्लीला कळवायचे. हा शेवटचा भाग म्हणजे खरी नोकरी. आमचे एक साहेब मसुदा सांगताना ‘मंत्री म्हणाले’ आणि ‘मंत्र्यांनी सुचवले’ यांतला फरक चुकला तर पूर्ण पान पुन्हा करायला लावत.

वैदेही_वाशी

माझी नणंद परराष्ट्र सेवेत आहे, म्हणून घराच्या बाजूने लिहिते. तीन_खंड साहेबांनी लिहिले ते कार्यालयातले झाले. घरातले असे की तिच्या मुलाने दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी मित्र जमेपर्यंत सामान बांधायची वेळ आली. आता तो दिल्लीत वसतिगृहात आहे आणि ‘तुझे गाव कोणते’ या प्रश्नाला वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी उत्तरे देतो. तिच्या यजमानांचा वास्तुविशारदाचा व्यवसाय होता, तो बंद पडला. कारण जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल की नाही, हे त्या देशाशी आपला तसा करार आहे की नाही यावर ठरते. सासूबाई-सासरे वाशीत आमच्याकडे असतात. सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी ती ज्या शहरात होती तिथून मुंबईला यायला दोन विमाने बदलावी लागत. ती पोहोचली तेव्हा ते खोलीत आणले गेले होते.

तरीसुद्धा नोकरी सोडण्याची भाषा तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर काकांच्या मेहुण्यांना आयता मुद्दा मिळेल.

आणखी एक. मुलगी आहे म्हणून घरून विरोध होत असेल तर त्यांना सी. बी. मुथम्मा यांच्याबद्दल सांगा. १९४८ च्या परीक्षेतून परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. त्या काळी स्त्री अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि लग्नानंतर घरसंसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा मागता येई. पुरुषांना असे काही नव्हते. १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या, पण पुढे वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली तेव्हा थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणी होईपर्यंत सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, म्हणून अर्ज निकाली निघाला. परंतु १९७९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांची चांगलीच हजेरी घेतली. २००१ मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या.

बेलापूरचा_अभियंता

इथे सगळे फारच भारावून लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी आखातात सहा वर्षे होतो. कंपनीने पाच महिने पगार थकवला तेव्हा आम्ही अठरा जण एका बसने आपल्या दूतावासात गेलो. दारावर नावे लिहून घेतली, एका खिडकीपाशी अर्ज घेतला, आणि पुढे दोन महिने फोन केला की ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढेच उत्तर मिळत होते. त्याच आठवड्यात कुठल्याशा सांस्कृतिक कार्यक्रमात राजदूत दीपप्रज्वलन करत असल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहिले. शेवटी आमचे पैसे मिळाले ते स्थानिक कामगार न्यायालयामुळे. जिल्हाधिकारी कार्यालयात निदान आरडाओरडा तरी करता येतो.

घणसोलीकर_जावळी

अभियंतासाहेबांचा अनुभव खोटा नाही, पण माझा वेगळा आहे.

माझा थोरला भाऊ आखातात बांधकामावर फोरमन होता. २०१६ मध्ये तो खोलीवरच झोपेत गेला. आम्हाला बातमी कळली ती त्याच्या खोलीतल्या केरळच्या माणसाकडून. त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की विमानाचे भाडे भरले की देह येतो. तसे नसते. तिथल्या रुग्णालयाचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत दाखला, मृत्यूची दूतावासात नोंद, पासपोर्ट रद्द करणे, देह टिकवण्याची प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र, आणि इकडून वारसाचे संमतिपत्र; यांतला एक कागद राहिला तर विमान कंपनी पेटी घेत नाही. मालक खर्च उचलायला तयार नव्हता. दूतावासातून एका बाईंचा फोन आला. त्यांनी सांगितले की भारतीय समुदाय कल्याण निधी म्हणून एक निधी २००९ पासून आहे, त्यातून खर्च होऊ शकतो, मात्र मालकाची जबाबदारी आधी पाहू. त्यांनी मालकाला तीन वेळा बोलावले. तिसऱ्यांदा तो आला आणि भाडे भरले.

अकराव्या दिवशी पहाटे तीनला मुंबईत सहार विमानतळाच्या कार्गो विभागात पेटी ताब्यात मिळाली. बरोबर एक पाकीट होते. त्यात कोपरा कापलेला पासपोर्ट, राहिलेल्या पगाराचा धनादेश आणि त्याचे घड्याळ होते. बाईंनी आदल्या दिवशी फोन करून एवढेच विचारले होते की देह घणसोलीला नेणार की गावी, कारण गावी नेणार असाल तर शववाहिकेला साताऱ्यापर्यंतचा कागद वेगळा लागेल. त्या द्वितीय सचिव होत्या, वय तिशीच्या आतले, हे मला पुढे कळले. आता त्या कुठे तरी राजदूत होतील तेव्हा होतील.

बेलापूरचा_अभियंता

घणसोलीकर, तुमचे वाचले. माझे विधान मागे घेत नाही, पण ‘काही दूतावासांत’ असा बदल त्यात करतो.

जांभळीनाका

ठाण्यात हा प्रश्न विचारला जात असेल तर उत्तर जांभळी नाक्यावर आहे. तिथल्या चौकाला रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव आहे, आणि रोज भाजी घ्यायला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना ते कोण होते हे सांगता येणार नाही.

१८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून काढून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी वकील म्हणून लंडनला गेले. तेव्हा वकील म्हणजे राजाचा प्रतिनिधी. पेशवाईत दिल्ली दरबारी हिंगण्यांचे घराणे होते तसा, आणि शिवकाळात हेजीब म्हणत तसा. गेलेला माणूस १८५३ पर्यंत तिथेच राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत बोलला, पार्लमेंटच्या सभासदांना भेटला, पत्रके छापली. १८४७ मध्ये ज्यांनी पाठवले ते महाराज वारले. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचे राज्यच खालसा केले. तरीही वकील लंडनमध्येच, पैशाची ओढाताण सोसत, त्याच कागदपत्रांचे गाठोडे घेऊन. हाती काहीही आले नाही. पुढे १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः बेपत्ता झाले, ते कायमचेच.

भाचीला मी असे सांगेन की ज्याला चौदा वर्षे ‘नाही’ हे उत्तर ऐकून पंधराव्या वर्षी पुन्हा तोच अर्ज नीटनेटक्या अक्षरात लिहिता येतो, त्याने या नोकरीत जावे.

खाडीपलीकडचा

म्हणजे थोडक्यात, ज्याने सोसायटीच्या अभिहस्तांतरणाची (जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्याची) फाईल सांभाळली आहे तो माणूस.

तीन_खंड

जांभळीनाका, उदाहरण हृदयाला भिडणारे आहे, पण एक फरक नोंदवतो. रंगो बापूजींच्या मागे राज्य उरले नव्हते. अफझलखानाच्या छावणीत जाणाऱ्या पंताजी गोपीनाथांच्या मागे १६५९ मध्ये प्रतापगड उभा होता. दूताचे शब्द तेच असले तरी ऐकणारा त्यामागचा किल्ला मोजत असतो. माझ्याच कारकिर्दीत मी हे पाहिले. १९९१ च्या आर्थिक संकटात आमच्या साहेबांना भेटीची वेळ मिळायला तीन आठवडे लागत. पंधरा वर्षांनी दुसऱ्या खंडात, तितक्याच मोठ्या देशात, दुसऱ्या दिवशी वेळ मिळे. माणूस तितकाच हुशार होता.

जांभळीनाका

मान्य. तरी किल्ला असताना जाणारे पुष्कळ असतात. चौकाला नाव मात्र किल्ला नसताना गेलेल्याचे दिले आहे.

म्हात्रेपुलावरून

पुण्यात शिकत असताना चार वर्षे रोज म्हात्रे पुलावरून जात होतो. तो पूल कोणा नगरसेवकाच्या नावाचा असेल अशी माझी खात्री होती. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅम येथील आपल्या कार्यालयातील अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी काश्मिरी दहशतवाद्यांनी त्यांचे अपहरण केले, भारतात तुरुंगात असलेला काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बट याच्या सुटकेची मागणी केली आणि दोन दिवसांत त्यांची हत्या केली. ११ फेब्रुवारीला बटला तिहारमध्ये फाशी दिली गेली. काबूलमध्ये ७ जुलै २००८ रोजी दूतावासावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात काउन्सेलर वेंकटेश्वर राव आणि ब्रिगेडियर मेहता गेले. सरबताच्या पेल्याबरोबर हेही सांगायला हवे, म्हणून लिहिले. पसंतीक्रम भरणाऱ्याला पूर्ण माहिती असावी.

नौपाडेकर

सर्वांचे आभार. बहीण हा धागा वाचते आहे, त्यामुळे वरचा प्रतिसाद वाचून तिने मला रात्री साडेदहाला फोन केला. असो, लपवून उपयोग नाही.

परंतु माझ्या मूळ प्रश्नाचा एक भाग तसाच राहिला आहे. पंतप्रधान थेट बोलतात, मग राजदूत हवा कशाला? घणसोलीकरांच्या भावासाठी धावणारी बाई हवी, हे पटले. तिच्या वरचा मनुष्य कशासाठी?

सानपाडा_सायंकाळ

मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होते, म्हणून प्रयत्न करते.

चीनचे उदाहरण घ्या. १९६१ मध्ये आपले राजदूत पार्थसारथी बीजिंगहून परतले आणि १९७६ मध्ये के. आर. नारायणन तिथे जाईपर्यंत बीजिंगमध्ये आपला राजदूत नव्हता. कारभार प्रभारी अधिकारी पाहत होते. १ मे १९७० रोजी तिआनमेनच्या सज्जावर परदेशी प्रतिनिधी ओळीने उभे होते. माओ त्यांच्यासमोरून जात असताना आपले प्रभारी अधिकारी ब्रजेश मिश्र यांच्यापाशी थांबले, हसून हात मिळवला आणि असे किती दिवस भांडत राहायचे, अशा अर्थाचे काही बोलले. हे सारे मिनिटाभराचे होते. मिश्रांनी ते शब्दशः दिल्लीला कळवले आणि हा इशारा गंभीरपणे घ्यावा असे लिहिले. फोनवर बोलणारे पंतप्रधान तेव्हा नव्हतेच असे नाही. परंतु जिथे दोन्ही बाजूंना पहिला फोन कोणी करायचा हाच प्रश्न असतो, तिथे सज्जावर उभा असलेला माणूस लागतो, आणि ते हसू शिष्टाचाराचे आहे की निरोपाचे आहे हे ओळखायला त्याने आधी बरीच वर्षे माणसे पाहिलेली असावी लागतात. राजदूत पुन्हा नेमायला त्यानंतरही सहा वर्षे गेली, ही गोष्ट वेगळी.

राजदूत नसणे हीसुद्धा एक भाषा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले उच्चायुक्त अजय बिसारिया यांना परत पाठवले, आणि तेव्हापासून दिल्ली-इस्लामाबाद या दोन्ही ठिकाणी उच्चायुक्त नाहीत. दूतावासाची इमारत उभी असते, व्हिसाची खिडकीही असू शकते, फक्त खुर्ची रिकामी ठेवली की सगळ्या जगाला समजते.

आणि मतांचे काय? जून २०२० मध्ये सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी भारताला १९२ पैकी १८४ मते मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तुवालूचे मत आणि चीनचे मत सारखेच मोजतात. तुवालूला आपला स्वतंत्र दूतावास नाही. फिजीतील सुवा येथील आपले उच्चायुक्तच तिथलेही काम पाहतात. पंतप्रधान १९२ फोन करत नाहीत.

वैदेही_वाशी

सानपाडा ताई, फार छान. नणंदेला पाठवले. तिचे उत्तर आले: ‘पंतप्रधानांनी फोनवर काय बोलावे, हे कागदावर कोण लिहून देते ते विचार.’

मानपान_समिती

मला या सेवेचे एकच अंग नीट समजते, ते म्हणजे मानपान. १६६१ मध्ये लंडनला स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागतासाठी गाड्या निघाल्या, तेव्हा पुढे कोणाची गाडी, फ्रान्सची की स्पेनची, यावरून दोन्हीकडच्या लोकांत भर रस्त्यात मारामारी झाली, माणसे मेली. आमच्याकडे लग्नात मामाची खुर्ची दुसऱ्या रांगेत गेली म्हणून मांडव सोडून जाणारे पाहिले आहेत, पण त्यांच्यासारखे समोरच्याच्या गाडीचे घोडे मारल्याचे ऐकले नाही. पुढे १९६१ च्या व्हिएन्ना करारात ठरले की राजदूतांचा क्रम ज्याने आधी पदभार घेतला त्यावरून. देश केवढा हे पाहायचे नाही. म्हणजे एखाद्या राजधानीत अमेरिकेचा राजदूत मालदीवच्या मागे उभा राहू शकतो. आपल्या लग्नांत हा नियम लागू करता येईल काय, असा माझा प्रस्ताव आहे: जो आधी मांडवात येईल तो पुढे.

तीन_खंड

हसलो, पण पदभार घेण्याचा दिवस मी एकदा अगदी जवळून पाहिला आहे, तो सांगतो.

राजदूताचे नाव ठरले तरी आधी त्या देशाची संमती मागवावी लागते. तिला फ्रेंच शब्दावरून अग्रेमाँ म्हणतात. ती नाकारली तर कारण द्यावे लागत नाही, म्हणून संमती येईपर्यंत कोणी नाव उच्चारत नाही. आली की परराष्ट्र मंत्रालयाचे चार ओळींचे पत्रक निघते: नाव, कंसात तुकडीचे वर्ष, सध्याचे पद, आणि ‘लवकरच पदभार स्वीकारतील अशी अपेक्षा आहे’. तीस वर्षांची कमाई त्या चार ओळींत असते.

माझ्या चौथ्या दूतावासात नवे साहेब आले. परिचयपत्र राष्ट्राध्यक्षांच्या हाती देईपर्यंत राजदूताला पूर्ण अर्थाने राजदूत मानत नाहीत, त्यामुळे आल्यावर पाच आठवडे ते तसे अधांतरीच होते. पाकिटे दोन होती. एकात आधीच्या राजदूतांना परत बोलावल्याचे पत्र, दुसऱ्यात आपल्या राष्ट्रपतींच्या सहीचे यांचे परिचयपत्र. आदल्या रात्री साहेबांनी मला थांबवून घेतले. बैठकीच्या खोलीत मी राष्ट्राध्यक्ष झालो. ते दारातून चालत यायचे, तीन पावलांवर थांबून मान लववायचे, आणि उजव्या हातातले पाकीट माझ्या हाती द्यायचे. चार वेळा केले. तिसऱ्या वेळी बंद गळ्याच्या कोटाचे वरचे बटन तुटून सोफ्याखाली गेले. बाईसाहेब गावी होत्या. बटन मी शिवले, काळा दोरा नव्हता म्हणून निळ्याने. दुसऱ्या दिवशी सकाळी मानवंदना झाली, दोन्ही राष्ट्रगीते वाजली, साहेब आत गेले, आणि मी सबंध वेळ बाहेरून त्या निळ्या दोऱ्याकडे पाहत होतो. परत येताना गाडीवर पहिल्यांदा ध्वज होता. दूतावासात पोहोचल्यावर त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती अशी की तुरुंगात असलेल्या आपल्या चार खलाशांना भेटण्याची परवानगी मागणारे पत्र आता त्यांच्या सहीने जाऊ शकेल ना. गेले, त्याच दुपारी.

जांभळीनाका

साहेब, खलाशी सुटले का?

तीन_खंड

तिघे सुटले, सात महिन्यांनी. माझी बदली होईपर्यंत चौथ्याची सुटका झाली नव्हती, आणि नंतरचे मला समजले नाही.

म्हात्रेपुलावरून

प्रश्न आहे. राजदूत नेहमी याच सेवेतून येतात का? की मर्जीतले लोकही नेमले जातात?

सानपाडा_सायंकाळ

बाहेरूनही नेमतात, संख्या मात्र कमी असते. सगळेच वाईट असतात असेही नाही. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत परीक्षेतून आलेले नव्हते. १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली असे पुष्कळ फिरले. मोठ्या मनाचा माणूस स्वतःच्या वजनावर दार उघडू शकतो. व्यावसायिक अधिकाऱ्याचा फायदा वेगळा असतो. तो त्या देशात तरुणपणी तृतीय सचिव म्हणून राहिलेला असतो, भाषा शिकलेला असतो, आणि तेव्हा त्याच्याबरोबर चहा पिणारा तिथला कारकून आता उपमंत्री झालेला असतो. विजय गोखले आणि गौतम बंबावाले हे दोघेही पुण्याचे, दोघेही चिनी भाषा शिकलेले, आणि २०१७ मध्ये गोखल्यांच्या जागी बंबावालेच बीजिंगला गेले. तिथे माहिती काढायला दुभाषाची वाट पाहावी लागत नाही.

खाडीपलीकडचा

बीजिंगला पुणेकरांनंतर पुणेकर गेला, तेव्हा ठाणेकरांची पाळी कधी, हा प्रश्न या धाग्यावर कोणी तरी विचारायलाच हवा होता.

मराठी_माध्यम

भाचीने मुख्य परीक्षा कोणत्या भाषेत दिली? माझा मुलगा ठाणे महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख संस्थेत तयारी करतो आणि उत्तरे मराठीत लिहिणार आहे. परराष्ट्र सेवेत इंग्रजीवाल्यांचेच राज्य असते, असे त्याला सगळे सांगतात.

तीन_खंड

राज्य होते, आता तितके नाही. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे. १९८३ मध्ये सेवेत आले, जपानी शिकले, टोकियोपासून सुरुवात केली. मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कला महावाणिज्य दूत होते. पुढे मंत्रालयात सचिव असताना टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे उघडली, ती त्यांच्याच खात्याकडून. इंग्रजी चांगले लागते, यात शंका नाही. पण ते वाचून-लिहून येते. मुलगा एक भाषा मन लावून शिकला असेल तर दुसरी परकीय भाषा त्याला लवकर येते. जे घरात कोणतीच भाषा धड बोलत नाहीत, त्यांची त्या भाषा-परीक्षेत फार ओढाताण झालेली मी पाहिली आहे.

नौपाडेकर

काल संध्याकाळी भाची, तिचे वडील आणि मी मासुंदा तलावाच्या काठावर बसलो होतो. मी छापून नेलेले चौदा कागद मेहुण्यांनी चष्मा लावून वाचले. दीपप्रज्वलनाचा प्रतिसाद त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि ‘हे पाहा’ म्हणाले. मग घणसोलीकरांचा वाचला आणि काही बोलले नाहीत. निळ्या दोऱ्यापाशी पुन्हा थांबले. ते स्वतः चाळीस वर्षे शिंप्याचा धंदा करतात, त्यामुळे बंद गळ्याच्या कोटाला काजाचा दोरा कोणता वापरावा यावर आम्हाला दहा मिनिटे ऐकावे लागले.

भाचीला मी विचारले की अकरा दिवस असे कागद गोळा करावे लागले तर करशील का. ती म्हणाली, ‘मामा, कागद गोळा करायचे काम दोन्हीकडे आहे. फक्त इथे कागद ज्यांचे असतात त्यांना तिथे दुसरे कोणी नसते.’ पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा पहिली, प्रशासकीय दुसरी, असे तिने भरून टाकले आहे. मुलाखतीत काय होईल ते पुढचे पुढे.

तीन_खंड साहेब, तुम्हाला एकच विचारायचे होते. राजदूत झालेल्या अधिकाऱ्याचे आईवडील तिकडे राहायला जाऊ शकतात का? प्रश्न माझा नाही, मेहुण्यांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारला.

तीन_खंड

अवलंबून असतील तर नियमांत बसते. आमच्या एका साहेबांच्या आई दूतावासाच्या निवासस्थानी चार वर्षे होत्या आणि प्रजासत्ताक दिनाला साहेब राष्ट्रपतींचे भाषण वाचून दाखवत तेव्हा पहिल्या रांगेत बसत. पासपोर्ट मात्र वेळेत काढून ठेवा.

नौपाडेकर

तीच तर अडचण आहे, त्यांचा पासपोर्टच नाही. वागळे इस्टेटच्या केंद्रात मंगळवारी सकाळी सव्वादहाची वेळ घेतली आहे.

घणसोलीकर_जावळी

मूळ कागद बरोबर ठेवा, छायाप्रत चालत नाही. आणि आधारवरचे नाव व शाळेच्या दाखल्यावरचे नाव एकच आहे का, ते आजच पाहून घ्या.